जपानच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवायचंय? भारतातून अर्ज करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून आणि गोव्यातून इंग्रजीचे प्राध्यापक, एम.ए. होऊन नोकरी शोधणारी मुलं-मुली, शाळेत शिकवणाऱ्या बाई मला सतत मेल पाठवतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत असताना मी जपानच्या विद्यापीठांत अर्ज पाठवले होते. आता इथल्याच एका विद्यापीठाच्या निवड समितीत बसून दुसऱ्यांचे अर्ज वाचते. खालचं सगळं या दोन्ही अनुभवांतून आलं आहे.

१. मॅडम, भारतात बसून अर्ज केला तर नोकरी खरंच मिळते का?

मिळते, पण सगळ्या प्रकारची नाही. जपानमध्ये सुमारे ८०० विद्यापीठं आहेत आणि त्यातली तीन-चतुर्थांशाहून जास्त खासगी आहेत. पहिल्या दोन वर्षांना इंग्रजी बहुतेक ठिकाणी सक्तीचं असतं, त्यामुळे शिक्षक लागतातच. मात्र परदेशातून थेट माणूस आणायची घडी ठरावीक ठिकाणीच बसलेली आहे. जिथे स्वतंत्र इंग्रजी केंद्र आहे किंवा बराच अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतो, ती ही ठिकाणं. चिबा प्रांतातलं कान्दा, ओसाकाजवळ हिराकाताचं कान्साइ गाइदाइ, बेप्पूचं रित्सुमेइकान एशिया पॅसिफिक, उत्तरेकडचं अकिता इंटरनॅशनल, तोक्योच्या मिताका भागातलं इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटी या नावांवर लक्ष ठेवा.

दुसरी बाजूही आधीच सांगते. १९९२ मध्ये जपानमध्ये १८ वर्षांची मुलं सुमारे २०.५ लाख होती, आता ती ११ लाखांच्या आसपास आहेत. निम्म्याहून जास्त खासगी विद्यापीठांच्या जागा पूर्ण भरत नाहीत. त्यामुळे कायम पद द्यायला विद्यापीठं हात आखडता घेतात.

२. सेननिन, निन्कित्सुकी, हिजोकिन हे शब्द जाहिरातीत दिसतात. यातलं मला काय लागू होतं?

‘सेननिन’ म्हणजे पूर्णवेळ, बहुधा कायम पद. बैठका, प्रवेश परीक्षेची कामं, विद्यार्थ्यांचे प्रबंध हे सगळं त्यात येतं आणि बहुतेक ठिकाणी ते जपानीतून चालतं. ‘निन्कित्सुकी’ किंवा ‘तोकुनिन’ म्हणजे पूर्णवेळ, पण मुदतीचं पद. ३ किंवा ५ वर्षांचं, कधी एकेक वर्षाचं आणि नूतनीकरणाला मर्यादा असलेलं. भारतातून अर्ज करणाऱ्यासाठी खरं दार हेच आहे.

‘हिजोकिन’ म्हणजे आपल्याकडचं तासिका तत्त्व. ९० मिनिटांच्या तासाला ‘कोमा’ म्हणतात (आता काही ठिकाणी १०० किंवा १०५ मिनिटांचा असतो) आणि मानधन कोमामागे मिळतं. या पदासाठी विद्यापीठ परदेशातून माणूस आणत नाही, तुम्ही आधीच जपानमध्ये योग्य व्हिसावर असावं लागतं. चौथा प्रकार एजन्सीचा. कंपनी तुम्हाला नोकरीवर घेते आणि विद्यापीठात शिकवायला पाठवते. करार अनेकदा एका सत्रापुरता असतो. जपान बघायला, वर्ग हाताळायला त्याचा उपयोग होतो, पण नोकरी विद्यापीठाची नसते, हे अर्जात लिहितानाही विसरू नका.

३. माझं एम.ए. इंग्रजी साहित्यात आहे. चालेल का?

जाहिरात नीट वाचा. ‘इंग्रजी अध्यापन, उपयोजित भाषाविज्ञान किंवा संबंधित विषय’ असं लिहिलं असेल तर त्या ‘संबंधित’ शब्दात साहित्य बसू शकतं. फक्त पहिले दोनच विषय लिहिले असतील तर नुसत्या साहित्याच्या पदवीवर अर्ज पुढे सरकत नाही. अशा वेळी हैदराबादच्या इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीची इंग्रजी अध्यापनाची पदविका किंवा सेल्टासारखा वर्गात प्रत्यक्ष शिकवायला लावणारा अभ्यासक्रम पाठीशी असावा. तुमच्या पीएच.डी.चा विषय दलित आत्मकथा असो की शेक्सपिअर, अर्जात तुम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना बोलायला, लिहायला कसं शिकवता हे दिसलं पाहिजे. इथे पद भाषेच्या शिक्षकाचं असतं आणि साहित्याचे अभ्यासक नेमके हेच विसरतात.

४. नेट किंवा सेट आहे, पीएच.डी. नाही. मग?

नेट-सेट इथे कुणाला माहीत नाही. एका ओळीत ‘विद्यापीठात शिकवण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा’ असं समजावून लिहा आणि पुढे चला. मुदतीच्या पदांना एम.ए. अजून चालतं, पण पीएच.डी. झालेले उमेदवार वाढत चाललेत. पीएच.डी. चालू असेल तर प्रबंध कधी सादर होणार तो महिना लिहा.

५. तासिका तत्त्वावरचा माझा सात वर्षांचा अनुभव धरतात का?

धरतात, फक्त तो कागदावर असावा लागतो. आपल्याकडचं घोडं इथेच अडतं. तासिका तत्त्वावर दर वर्षी नवा आदेश निघतो, मधल्या सुट्टीत खंड पडतो आणि दाखल्यावर ‘आमच्या महाविद्यालयात काम केले आहे’ इतकंच असतं. समितीला हवं असतं ते असं: कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, आठवड्याला किती तास, कोणत्या वर्गाला, कोणता विषय. मला आठवतोय तो एका उमेदवाराचा दाखला. प्राचार्यांच्या सहीचा, एकाच पानाचा, आणि त्यावर प्रत्येक वर्षासमोर तारखा आणि साप्ताहिक तास. आमच्यातल्या एका वयस्क प्राध्यापकांनी पेन्सिलने बेरीज केली, कडेला आकडा लिहिला आणि कागद पुढे सरकवला. कुणी एक प्रश्नही विचारला नाही.

प्राचार्य बदलायच्या आत, कॉलेज सोडायच्या आत असा दाखला मागून घ्या. नोकरी मिळाल्यावर पगाराची पायरीही याच कागदांवरून ठरते (प्रश्न १२ पाहा).

६. ‘नेटिव्ह स्पीकर’ मागतात. भारतीयांना घेतात का? आणि मी तर दहावीपर्यंत मराठी माध्यमात होतो.

घेतात. विद्यापीठांच्या जाहिरातीत बहुधा ‘इंग्रजी मातृभाषा असलेला किंवा त्या तोडीचा’ असं असतं आणि राष्ट्रीयत्वाची अट नसते. ‘त्या तोडीचा’ या शब्दांवर तुम्ही हक्काने उभे राहू शकता. पूर्वग्रह कुठेच नाही असं मी म्हणणार नाही, पण लेख, वर्गाची चित्रफीत आणि मुलाखतीतलं इंग्रजी यापुढे तो बऱ्याचदा विरघळतो.

माध्यमाबद्दल मात्र बराच गोंधळ आहे. इंग्रजीतून १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं ही अट शाळांमध्ये साहाय्यक भाषाशिक्षक म्हणून जाणाऱ्यांच्या ‘शिक्षक’ व्हिसाला लागते. विद्यापीठात जाणाऱ्याला ‘प्राध्यापक’ हा वेगळा व्हिसा मिळतो आणि त्याला ही अट नाही. म्हणजे मराठी माध्यमातून आलेला माणूस शाळेच्या नोकरीला अडू शकतो आणि विद्यापीठाच्या नोकरीला अडत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी चांगले शिक्षक अर्जच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

७. जाहिराती कुठे आणि कधी येतात?

पहिली जागा जेरेक-इन पोर्टल. जपान सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेचं हे संकेतस्थळ फुकट आहे. इंग्रजी आणि जपानी दोन्ही बाजूंनी शोधा, कारण काही जाहिरातींचा मजकूर जपानी बाजूला जास्त सविस्तर असतो. दुसरी जागा म्हणजे जाल्ट ही भाषाशिक्षकांची संघटना. पैसे घेऊन जाहिराती मिळवून देणारा कुणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका.

शैक्षणिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. एप्रिलच्या पदांच्या जाहिराती साधारण मेपासून ऑक्टोबरपर्यंत येतात, मुलाखती शरद ऋतूत होतात आणि वर्ष संपता संपता निकाल लागतो. त्यानंतर येतात त्या मुख्यतः हिजोकिनच्या किंवा कुणी अचानक सोडून गेल्यामुळे निघालेल्या. आपल्याकडे जूनमध्ये कॉलेज सुरू झाल्यावर नोकरी शोधायची सवय असते. इथे जूनमध्ये पुढच्या एप्रिलची निवड सुरू झालेली असते. कागदपत्रं मार्चपर्यंत तयार ठेवा.

८. अर्जात नेमकं काय काय पाठवायचं?

तीन कागद सगळीकडे लागतात. ‘रिरेकिशो’ म्हणजे तक्त्याच्या रूपातला जीवनवृत्तांत. त्यावर फोटो असतो, शिक्षण आणि नोकरी महिन्यासह लिहायची असते आणि मध्ये खंड असेल तर तो लपवायचा नसतो. विद्यापीठाने स्वतःचा नमुना दिला असेल तर तोच भरा. स्वतःचा सुंदर बायोडेटा जोडून ‘यात बघा’ असं लिहू नका. दुसरा ‘ग्योसेकिशो’, म्हणजे प्रकाशनांची यादी. प्रत्येक लेखाचं नाव, नियतकालिक, पानं, सहलेखक आणि दोन-चार ओळींचा सारांश. तिसरं ‘होफु’. म्हणजे तुम्ही इथे येऊन काय आणि कसं शिकवणार याचं एक-दोन पानी टिपण. शिवाय निवडक तीन प्रकाशनांच्या प्रती, पदव्यांच्या प्रती आणि शिफारस करू शकतील अशा दोघांची नावं.

आता ऑनलाइन अर्ज बरेच घेतात, पण पोस्टाने मागणारी विद्यापीठं अजून आहेत. तिथे दोन शब्द जिवाचे समजा. ‘हिच्चाकु’ म्हणजे त्या तारखेपर्यंत पाकीट त्यांच्या हातात पडलं पाहिजे. ‘केशिइन युको’ म्हणजे त्या तारखेचा पोस्टाचा शिक्का चालेल. माझं पहिलं पाकीट मी स्पीड पोस्टच्या आंतरराष्ट्रीय सेवेने पाठवलं आणि आठ दिवस पुरेसे होतील असं धरून चालले. ते एक दिवस उशिरा पोचलं. न उघडता परत आलं तेव्हा त्याच्यावर मीच लाल शाईने गिरवलेली ‘आत अर्ज आहे’ ही जपानी अक्षरं जशीच्या तशी होती. आता विचारणाऱ्याला मी सांगते, हिच्चाकु असेल तर तीन आठवडे हातात ठेवा, आणि परदेशातून ईमेलने पाठवलं तर चालेल का हे आधी विचारा. विचारल्याने कुणी नाराज होत नाही.

९. किती लेख लागतात? आणि कुठे छापलेले?

मुदतीच्या पदाला बहुधा तीन. लेख भाषाशिक्षणावरचा असला तर उत्तम. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांतले दहा लेख यादीत घालू नका. समितीत एखादा सदस्य नियतकालिकाचं संकेतस्थळ उघडून बघतोच आणि मग बाकीच्या चांगल्या लेखांकडेही संशयाने पाहिलं जातं. त्यापेक्षा तुमच्याच वर्गात केलेला एखादा छोटा प्रयोग, मुलांच्या लिहिण्याच्या नमुन्यांसकट, समीक्षा करून घेणाऱ्या ठिकाणी एकदा छापून आणा. जाल्टची नियतकालिकं वर्गातल्या कामावरचे लेख घेतात आणि समितीच्या ओळखीची असतात.

१०. जपानी किती यायला हवं?

अर्जासाठी काही ठिकाणी अजिबात नाही, काही ठिकाणी ‘कामकाजापुरतं’. हा मोघम शब्द मी साधारण जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-२ पातळी (एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड) असा वाचते. आपल्यासाठी जमेची बाजू अशी की पुण्यात जपानी शिकायची जुनी परंपरा आहे, आणि जेएलपीटी परीक्षा पुण्या-मुंबईत देता येते. अर्ज करायच्या आधी एन-४ पदरात पाडून घ्या, म्हणजे ‘शिकतो आहे’ या वाक्याला आधार राहतो. कायम पदाचं मनात असेल तर इथे आल्या दिवसापासून जपानीला लागा, कारण मुदतीच्या पाच वर्षांत ती भाषा न आलेली माणसंच पुढे सगळ्यात जास्त अडकलेली मी बघितली आहेत.

११. मुलाखतीसाठी स्वतःच्या खर्चाने जावं लागतं का? पर्यटक व्हिसावर गेले तर चालेल?

२०२० नंतर पहिली फेरी ऑनलाइन होणं नेहमीचं झालंय. शेवटच्या फेरीला प्रत्यक्ष बोलावणारी विद्यापीठं आहेत आणि प्रवासखर्च बहुधा तुमचाच असतो. अल्पमुदतीच्या व्हिसावर मुलाखतीला येता येतं, काम करता येत नाही. विद्यापीठाचं बोलावण्याचं पत्र घेऊन खरं कारण सांगूनच व्हिसा मागा. नोकरी शोधायला म्हणून तीन महिने येऊन राहण्यात पैसे घालवू नका. निवड कागदावर होते, दारात उभं राहून नाही.

१० ते २० मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला सांगतात. समोर मुलं नसतात, प्राध्यापक मुलं असल्यासारखे बसतात. आपल्या व्याख्यानाच्या सवयीवर इथे पाणी पडतं. सुरुवातीच्या दोन मिनिटांत समोरच्यांना एकमेकांशी बोलायला लावा. जपानी मुलं चुकायच्या भीतीने गप्प बसतात, आणि त्या गप्प वर्गाचं तुम्ही काय करता एवढंच समितीला पाहायचं असतं. काही प्रश्न जपानीतून येऊ शकतात. येत नसेल तर एक वाक्य जपानीत बोलून नम्रपणे इंग्रजीकडे वळा.

१२. ‘पगार विद्यापीठाच्या नियमानुसार’ म्हणजे किती?

वय, पदवी आणि अनुभवाची वर्षं यांवरून ठरणारा तक्ता असतो. मुदतीच्या पूर्णवेळ पदाला वर्षाला साधारण ४० ते ६० लाख येन हा नेहमीचा पट्टा आहे, कायम पदाला त्याहून जास्त. हिजोकिनला कोमामागे महिन्याला साधारण २५ ते ३५ हजार येन. निवड झाल्यावर आकडा विचारायला संकोच करू नका; कोमा किती, बोनस आहे का, संशोधन निधी किती, विमानाचं भाडं आणि घराचा भत्ता मिळतो का, हे सगळं लेखी मागा.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही. ‘जुमिनझेइ’ हा स्थानिक रहिवासी कर आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर सुमारे १० टक्के बसतो. पहिल्या वर्षी तो नसतो, दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून कापायला लागतात आणि हातात येणारा पगार अचानक घटतो. गावी घराचा हप्ता भरत असाल तर हे आधीच हिशेबात धरा. सुरुवातीला घरमालकाला अनामत आणि परत न मिळणारं ‘रेइकिन’ असे बरेच पैसे एकदम लागतात, तेही.

१३. तीन वर्षांचा करार संपल्यावर काय? कायम करतात का?

बहुतेक वेळा नाही. जपानमध्ये २०१३ पासून असा कायदा आहे की एकाच मालकाकडे मुदतीचे करार ५ वर्षांपलीकडे गेले तर कामगार बेमुदत करार मागू शकतो. विद्यापीठातल्या काही पदांना २०१४ पासून हीच मर्यादा १० वर्षं केली गेली. कोणत्या पदाला कोणती, यावर खटले थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत. परिणामी अनेक विद्यापीठं ५ वर्षं व्हायच्या आतच करार थांबवतात.

परदेशी शिक्षकाच्या मानेवर ही मुदतीची तलवार फार जुनी आहे. लेखक लाफ्काडिओ हर्न १८९६ पासून तोक्यो इम्पीरियल विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवत होते. १९०३ मध्ये त्यांना जावं लागलं आणि त्यांच्या जागी आलेल्यांत पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले जपानी लेखक नात्सुमे सोसेकी होते. परदेशी माणसाला राष्ट्रीय विद्यापीठात नियमित प्राध्यापक नेमायची वाट तर १९८२ च्या कायद्याने मोकळी झाली.

म्हणून करारावर सही करताना ‘नूतनीकरण जास्तीत जास्त किती वेळा’ ही ओळ शोधा. तीन वर्षांचा करार असेल तर दुसऱ्या वर्षीच्या मेपासून पुढचे अर्ज सुरू करायचे असं ठरवूनच या.

१४. व्हिसाची प्रक्रिया कशी? एजंट लागतो का?

एजंट लागत नाही. निवड झाल्यावर विद्यापीठ इमिग्रेशनकडे तुमच्या नावाचं पात्रता प्रमाणपत्र मागतं. याला एक ते तीन महिने लागतात. २०२३ पासून ते ईमेलनेही मिळू शकतं, म्हणजे टपालाची वाट बघावी लागत नाही. दिल्याच्या तारखेपासून ते ३ महिने चालतं. ते हातात आलं की व्हिसा मागायचा. महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांचं हे काम मुंबईच्या जपानी वकिलातीच्या अखत्यारीत येतं आणि कागद व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या केंद्रात द्यायचे असतात.

१५. लग्नानंतर नाव बदललं. पदवीवर एक, पासपोर्टवर दुसरं. आणि मधलं नाव?

हा खास आपला प्रश्न आहे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं. जपानी कार्यालयात अक्षर अन् अक्षर जुळवतात. इथल्या रहिवासी कार्डावर पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं येतं आणि बँकेतही तेच लागतं, म्हणून अर्ज पहिल्यापासून पासपोर्टवरच्या नावाने करा. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद इंग्रजी भाषांतरासह जोडा आणि ‘मधलं नाव वडिलांचं किंवा पतीचं असतं’ असं एका ओळीत लिहा. जुन्या नावाने छापलेल्या लेखांपुढे ते नाव कंसात द्या.

१६. घरचे सोबत येतील का?

नवरा किंवा बायको आणि मुलं ‘अवलंबित’ व्हिसावर येतात. जोडीदाराला परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. आई-वडिलांसाठी असा व्हिसा नाही. अपवाद उच्च कौशल्याच्या व्हिसाचा. शिक्षण, अनुभव, पगार अशा गोष्टींना मिळणाऱ्या गुणांची बेरीज ७० झाली की तो मिळतो आणि घरात ७ वर्षांखालचं मूल असेल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८० लाख येन असेल तर काही अटींवर आई-वडील येऊ शकतात. मुदतीच्या पदाच्या एका पगारावर हे सहसा जमत नाही.

१७. रिकाम्या दिवशी दुसरीकडे शिकवलं तर?

दुसऱ्या विद्यापीठात शिकवणं ‘प्राध्यापक’ व्हिसात बसतं, फक्त तुमच्या विद्यापीठाची लेखी परवानगी घ्या. संभाषणाच्या क्लासमध्ये शिकवायचं असेल तर इमिग्रेशनची वेगळी परवानगी आधी लागते. ‘सगळेच करतात’ यावर विसंबून कुणाचं नूतनीकरण अडकू नये, म्हणून मुद्दाम लिहिलं.

१८. पाच वर्षांनी परत आले तर तिथे कापलेलं पेन्शन बुडतं का?

बुडत नाही, पण काय निवडता यावर बरंच ठरतं. जपान सोडल्यावर एकरकमी परतावा मागता येतो; तो जास्तीत जास्त ५ वर्षांच्या वर्गणीवर मोजतात. दुसरी वाट भारत-जपान सामाजिक सुरक्षा कराराची, जो १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. जपानी पेन्शनला किमान १० वर्षं लागतात आणि या करारामुळे भारतातला पीएफ-पेन्शनचा काळ त्यात मिळवता येतो. मात्र एकरकमी परतावा उचलला की ती वर्षं या बेरजेतून कायमची जातात. त्यामुळे भारतात आधी पीएफची नोकरी झाली असेल किंवा परतल्यावर होणार असेल, तर विमानतळावर निघायच्या गडबडीत तो अर्ज भरू नका. परताव्यासाठी जपानमधला पत्ता काढून टाकल्यावर २ वर्षांची मुदत असते. घरी येऊन, दोन्ही रकमा मांडून मगच ठरवा.